डावी बाही

साळवे सरांकडे मी बाहेरच्या टेबलावर बसायची. नंबर लावणं, फोन घेणं, पाणी देणं आणि आतून रडून आलेल्या माणसाच्या तोंडाकडे न बघता त्याला पुढची तारीख सांगणं, एवढंच माझं काम. जालन्यात एका औषधाच्या दुकानावर वरच्या मजल्याला आमच्या दोन खोल्या होत्या. आतल्या खोलीत सर आणि आलेलं माणूस, बाहेर मी, एक लाकडी बाक आणि पाण्याचा माठ. आत काय बोलणं चालायचं ते मला कळत नसे आणि मी कधी कानही लावला नाही. पण दाराबाहेरच्या चपला मला टेबलावरून दिसत, आणि चपलांवरून बरंच कळतं.

काही माणसं चपला भिरकावून सरळ आत येत. काही आपला जोड नीट ठेवत. आणि काही माणसं आपला जोड ठेवून झाल्यावर खाली वाकून दुसऱ्यांचेही सरळ करत, कुणाची उलटी पडलेली चप्पल सुलटी करत, टाचा एका रेषेत आल्या का बघत, आणि मगच बाकावर येऊन टेकत. टेकल्यावरही त्यांचं लक्ष दाराकडेच, कारण पुढचा येणारा ती रांग मोडणार हे त्यांना ठाऊक असायचं. असं माणूस दिसलं की मी न विचारता समजायची, हा सरांचा खास पेशंट. सरांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मंग तपासा की तुम्हीच, निर्मलाताई. मी घरी जातो." मी हसले. पण त्याच संध्याकाळी निघताना सरांनी आपल्या चपला घातल्या आणि जाता जाता माझा जोड पायानं सरळ करून ठेवला. मी ते पाहिलं.

याआधी मी दातांच्या डॉक्टरांकडे कामाला होते. तिथं कुठं दुखतं ते पेशंट बोटानं दाखवायचा. इथं तसं नव्हतं. इथं चांगली नेटकी, हुशार, गावात नाव असलेली माणसं येत आणि त्यांच्या हातून काहीच होत नसे. हे मला पहिले कित्येक महिने उमगलं नाही. मला वाटायचं, समुपदेशकाकडे येतात ती बिघडलेली माणसं. सरांकडे येत ती बिघडायला घाबरलेली.

सर म्हणजे भास्कर साळवे. पन्नाशी ओलांडलेले, सावळे, शिडशिडीत, आवाज हळू. अंगात कायम पांढरा, पूर्ण बाह्यांचा शर्ट. मे महिन्यात आमच्याकडे रस्त्याचं डांबर मऊ होतं, तेव्हासुद्धा दोन्ही मनगटांची बटणं लावलेली. इस्त्री स्वतःच करत. परटाच्या हातचा शर्ट त्यांच्या अंगाला लागत नसे. मी एकदा म्हटलं, "सर, तुमच्या बाहीच्या घडीनं गवार मोडता येईल." त्यांनी फक्त दुसऱ्या हातानं बाही चाचपून पाहिली. चिडवलेलं त्यांना चालायचं, पण शर्टावरून चिडवलेलं त्यांच्यापर्यंत पोचत नसे.

ते मूळचे कुंभार पिंपळगावचे, तिथल्या बौद्ध वस्तीतले. शिकत शिकत जालन्याला आले आणि एमआयडीसीत एका बियाण्यांच्या कंपनीत उगवण तपासायच्या कामाला लागले. ओल्या कागदावर बी ओळीनं मांडायचं, कागदाची गुंडाळी करून उबेत ठेवायची, काही दिवसांनी उघडून कोंब आलेले किती आणि न आलेले किती ते मोजायचं. बरीच वर्षं त्यांनी ते केलं आणि करता करता बाहेरून परीक्षा देऊन मानसशास्त्र शिकले. नोकरी सोडून दोन खोल्या घेतल्या तेव्हा कंपनीतले लोक त्यांना हसले होते म्हणे. सर म्हणायचे, काम तेच आहे, फक्त इथं गुंडाळी उघडायची घाई करता येत नाही.

त्या नोकरीतून त्यांनी एक बोलणं बरोबर आणलं होतं. आलेलं माणूस बाकावरूनच म्हणालं की, सर, मला सगळं बराबर लागतं, शंभर टक्के, तर सर विचारत, "बियाणाच्या पिशवीत शंभर टक्के उगवण कधी पाहिली का? मी न्हाई पाहिली. शंभर आले की आमचे साहेब म्हणायचे, मोजणाऱ्यानं डुलकी घेतली, पुन्हा लावा. पिशवीला पास व्हायचं असतंय. पास झाली की शेतात जाते. बाकीचे नांगे शेतकरी भरतो." ज्या जागी बी उगवलंच नाही ती मोकळी जागा म्हणजे नांगा, आमच्याकडे शाळेतल्या पोरालाही कळतं. बाहेर निघता निघता दाराशी ते एवढंच विचारत, "पास का?" माणूस अडखळत म्हणायचं, पास. "मंग पुढं."

या दुखण्याला त्यांनी 'शंभरचा हट्ट' असं नाव ठेवलं होतं. पण हट्ट सोडा असं ते कुणालाच सांगत नसत. ते म्हणत, हट्ट सांगून सुटत असता तर आयांनी कधीच सोडवला असता. ते माणसाला घरी करायला एक काम देत. ठरवून, डोळ्यांदेखत, एक गोष्ट थोडीशी बिघडवायची आणि मग काय होतं ते बघत बसायचं. पळायचं नाही, दुरुस्त करायचं नाही, माफी मागायची नाही.

बदनापूरकडचे एक गुरुजी यायचे. त्यांचं अक्षर मोत्यासारखं, आणि त्याच अक्षरानं त्यांचा घात केला होता. फळ्यावर रोजचा सुविचार लिहायचा म्हणून ते शिपायाच्या आधी शाळेत जात, लिहीत, पुसत, पुन्हा लिहीत. प्रार्थना होऊन जायची, पहिला तास निघून जायचा, गुरुजी फळ्याशीच. मुख्याध्यापकांनी तंबी दिली होती. सरांनी त्यांना सांगितलं, "उद्याचा सुविचार डाव्या हातानं लिहा." गुरुजी बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा बघवत नव्हता, कुणीतरी त्यांना भर चौकात धोतर सोडायला सांगितल्यासारखा. पुढच्या आठवड्यात आले ते मात्र माझ्या टेबलापाशीच थांबले. म्हणाले, "ताई, पोरं लई हसली. मला वाटलं आता जीव जातो. मंग हसून झालं त्यांचं. मंग मी हजेरी घेतली." एवढंच सांगितलं, पण असं सांगितलं जसं काही घरात पाळणा हलला आहे.

सगळ्यांचं असं झालं नाही. स्टीलच्या कारखान्यात माल तपासायच्या कामावरचा एक तरुण दोनदा आला आणि मग आलाच नाही. सर मला दर आठवड्याला म्हणत, "त्यांना फोन लावून बघा." मी लावायची, फोन वाजून बंद व्हायचा. सर मान हलवून आत जात आणि त्या दिवशी दार जरा जास्त वेळ बंद राहायचं.

आणि कुणी त्यांना म्हणालं की तुम्ही लोकांना हलगर्जीपणा शिकवता, तर त्यांना ते लागायचं. एका नर्सबाईंना ते माझ्यासमोर म्हणाले होते, "औषध मोजताना शंभरच पाहिजे, तिथं माझ्याकडून सूट न्हाई. पण डबा भरताना पोळीची घडी तिरकी गेली तर कोण मरतंय? जिथं कुणी मरत न्हाई तिथं चुकायला शिका, म्हणजे जिथं मरतंय तिथं हात कापायचा न्हाई." नर्सबाई बराच वेळ जिन्यात उभ्या होत्या.

अनुसया म्हस्के आल्या त्या संक्रांतीच्या आसपास. नणंदेनं हाताला धरून जिना चढवला होता. पस्तिशीच्या, उंच, डोक्यावर पदर. त्यांनी आमच्या दारातल्या चपला लावल्या आणि नणंद हात ओढत होती तरी पुन्हा एकदा लावल्या. राहायला कुंभार पिंपळगावात. "सर तर आमच्याच गावचे," नणंद मला म्हणाली, "वस्तीतल्या कौसाबाईचा पोरगा." बाईंनी तिच्याकडे असं पाहिलं की ती गप्प झाली.

बाई ब्लाउज शिवत. पिंपळगावच्या बाजाराच्या दिवशी आसपासच्या खेड्यांतल्या बाया कापडं घेऊन त्यांच्या ओसरीवर रांग लावत, इतका हात चांगला. पण हळूहळू त्यांना आपलं शिवणं पसंत पडेना. शिवायचं, उजेडात धरायचं, उसवायचं. पुन्हा शिवायचं. उसवून उसवून कापडाला भोकं पडायची, मग कापड वाया गेलं म्हणून तेच कापड शोधत जालन्यापर्यंत यायचं. एका लग्नात नवरीचा ब्लाउज तयार होता, बोहल्याची वेळ झाली होती, आणि बाईंना काखेत एक चुणी दिसली. दुसऱ्या कुणालाच दिसत नव्हती. त्यांनी ब्लाउज उसवला. नवरी जुन्या ब्लाउजवर उभी राहिली. त्यानंतर बाया यायच्या थांबल्या. बाईंनी मशीनवर गोधडी टाकली आणि स्वतःही अंथरुणातून उठेनाशा झाल्या. हे सगळं त्यांनी मला बाकावर बसून सांगितलं, खाली बघत. शेवटी म्हणाल्या, "मशीनचा आवाज बंद झाला ना ताई, की घर मेल्यावानी वाटून राह्यलं."

सरांनी त्यांना काम दिलं ते मी ऐकलं, कारण ते दार उघडून बाहेर आले आणि माझ्यासमोरच बोलले. हातात पांढऱ्या पॉपलिनचं कापड होतं, बहुतेक दुपारीच आणलेलं. म्हणाले, "माझ्या मापाचा सदरा शिवा. एक चूक पाहिजे. कुठं करायची ते तुम्ही ठरवा. पण लपलेली चालणार न्हाई. रस्त्यानं जाणाऱ्याला दिसली पाहिजे."

"तुम्ही घालणार?" बाईंनी विचारलं.

"मी घालणार."

संक्रांत गेली, शिवरात्र गेली. बाई दर वेळी यायच्या आणि सांगायच्या, कापलाय पण जोडला नाही. जोडलाय पण चूक सापडत नाही. होळीच्या सुमाराला एक दिवस पिशवी पोटाशी धरून आल्या. घामानं चेहरा भिजला होता. सरांनी शर्ट उलगडला. देखणा शर्ट होता. कॉलर अशी बसलेली की दुकानातली लाजावी. आणि डावी बाही उजवीपेक्षा चांगली दोन बोटं लांब. बाई भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या.

"पास," सर म्हणाले.

बाई जिना उतरून गेल्या तेव्हा मी मुद्दाम दारात जाऊन पाहिलं. त्यांनी फक्त आपल्या चपला घातल्या होत्या. बाकीच्या तशाच पडल्या होत्या. मला इतका आनंद झाला की सरांना न विचारता मी खालून चहा मागवला.

सरांनी तो शर्ट आतल्या खोलीतल्या कपाटात टांगला. आणि तो तिथंच राहिला.

पुढच्या वेळी बाई आल्या तेव्हा सर बाहेरच, माझ्या टेबलाशी होते. मशीन सुरू झालं होतं, गल्लीतल्या दोघींचे ब्लाउज उसवल्याशिवाय दिले होते. बोलता बोलता त्यांनी सरांच्या मनगटांकडे पाहिलं. दोन्ही बाह्या बरोबरीच्या, घडी कडक. "सदरा?" त्यांनी विचारलं. सर म्हणाले, "धुवायला टाकलाय." मी माझ्या खुर्चीवर अवघडले. त्याच्या पुढच्या वेळी त्या आत होत्या आणि सरांनी काहीतरी काढायला कपाट उघडलं असावं. दार उघडून बाई बाहेर आल्या आणि माझ्याजवळच थांबून आत बघत म्हणाल्या, "सर, घडी पण मोडली न्हाई अजून." आवाज चढलेला नव्हता, रागही नव्हता. दिलेली तारीख न घेता त्या गेल्या. जाताना खाली वाकून सगळ्या चपला लावल्या.

त्या पुन्हा आल्या नाहीत. मी नणंदेला फोन केला तर ती म्हणाली, गोधडी पुन्हा टाकली मशीनवर. मी ते सरांना सांगितलं. आत दुसरं कुणी नव्हतं. सर बाहेर आले आणि बाकावर बसले. इतक्या वर्षांत त्यांना मी त्या बाकावर बसलेलं पाहिलं नव्हतं.

"रोज सकाळी काढून बघतो तो सदरा," ते म्हणाले. "हात घालतो. पुन्हा टांगतो."

मला वाटलं होतं, संकोच असेल, मोठ्या माणसाला वाटतो तसा. पण सर बोलत गेले. शाळेत त्यांचा एकच गणवेश होता. आई, म्हणजे कौसाबाई, दुसऱ्याच्या रानात दिवसभर निंदून यायची आणि रोज संध्याकाळी तो धुवायची. इस्त्री घरात कुठून असणार? सकाळी तांब्यात निखारे भरून, तांब्याचं बूड सदऱ्यावर फिरवायची. फिरवता फिरवता एकच बोलायची, आपल्याकडं कुणी बोट दाखवलं न्हाई पाहिजे. एकदा वर्गात शेजारच्या पोराची शाई सांडून सरांच्या सदऱ्यावर डाग पडला. त्या पोराच्याही सदऱ्यावर पडला. मास्तर त्या पोराला म्हणाले, वेंधळा आहेस. आणि सरांना म्हणाले, तुमच्या लोकांना कितीबी शिकवा.

"त्याची चूक त्याची होती, निर्मलाताई," सर म्हणाले. "माझी चूक आख्ख्या वस्तीची झाली. म्या आईला सांगितलं न्हाई. पण तिला कसं कळलं काय माहीत, तिनं तो डाग घासून घासून काढला, बोटं सोलली तिची. तेव्हापासून माझ्या सदऱ्यावर डाग न्हाई, चुणी न्हाई. आता मी त्या बाईला सांगून राह्यलो, चुका म्हणून. त्यांना सांगतो, लोक हसतील आणि घरी जातील. माझ्या बाबतीत ते खरं हाय का, हे म्या कधी पाहिलंच न्हाई."

मी जोशांच्या घरातली. माझ्या ब्लाउजची चुणी माझीच असते, तिच्यावरून कुणी माझ्या आळीला नावं ठेवली नाहीत. मला त्या मास्तरांचा राग आला, आणि त्या रागाचा सरांना काडीचाही उपयोग नव्हता. मी माठातलं पाणी आणून दिलं.

त्यानंतर काही दिवसांनीच सरांच्या गावातल्या शाळेनं त्यांना बोलावलं. तीच शाळा, जिथं शाई सांडली होती. परीक्षेच्या ताणावर व्याख्यान आणि माजी विद्यार्थी म्हणून सत्कार, असा कार्यक्रम. सरांनी मला म्हटलं, "नणंदबाईंना एवढंच कळवा की कार्यक्रम आहे, सगळ्यांना खुला आहे. जास्त बोलू नका." मग म्हणाले, "तुम्ही येता का? एकट्यानं जायला नको वाटून राह्यलं."

त्या सकाळी मी स्टँडवर पोचले तर सर आधीच उभे होते, पांढऱ्या पॉपलिनच्या शर्टात. इस्त्री केलेली होती, ती सवय कुठं जाणार. उजवं मनगट नेहमीसारखं. डावी बाही तळहाताच्या मध्यापर्यंत उतरलेली. सगळा प्रवासभर त्यांनी डावा हात गुडघ्यावर उघडा ठेवला होता, आणि दर थोड्या वेळानं उजवा हात त्या बाहीकडे जायचा आणि परत यायचा. मी खिडकीबाहेर बघत बसले.

शाळेच्या पटांगणात मांडव होता. पहिल्या रांगेत खुर्चीवर सरांची आई, हातात काठी, पांढरंशुभ्र लुगडं. बायकांच्या बाजूला मागे, खांबाला टेकून नणंद आणि तिच्या आड अनुसयाबाई. आलेल्या होत्या. सरांनीही पाहिलं असावं, कारण व्यासपीठाची पायरी चढताना ते क्षणभर अडखळले.

सत्काराच्या वेळी हार घालून घेताना सरांनी हात जोडले आणि बाही लोंबली. सूत्रसंचालन करणारे तरुण शिक्षक मोकळ्या स्वभावाचे होते, त्यांच्या मनात वाईट नव्हतं. माईकवरच म्हणाले, "सर आज घाईत आलेले दिसतात, बाही दुमडायची राहिली." पोरं हसली. मागची मोठी माणसंही हसली. मी सरांच्या आईकडे पाहिलं. त्यांची काठी धरलेली मूठ आवळली होती.

सर माईकपाशी आले. चेहरा उतरला होता. मला टेबलावरून रोज जे चेहरे दिसायचे त्यांच्यातलाच एक. "घाई नव्हती," ते म्हणाले. "सदरा असाच हाय." बाही दुमडली नाही. पोरांची कुजबुज थांबली, आणि सरांनी परीक्षेवर बोलायला सुरुवात केली. पहिली काही वाक्यं हललेली होती. मग आवाज सावरला. बियाणाची पिशवी आली, नांगे आले, पोरं पुन्हा हसली, पण ते हसणं वेगळं होतं. आपल्या बाजूनं हसलेलं लगेच कळतं.

कार्यक्रम संपल्यावर मांडवाबाहेर आई उभ्या होत्या. मी सरांच्या मागे होते. आईंनी डावी बाही हातात घेतली आणि दुमडायला लागल्या.

"राहू दे, आई."

"लोकं बघून राह्यले."

"बघू दे."

आईंचे हात थांबले पण बाही सुटली नाही. मान वर करून त्यांनी त्या पन्नाशीच्या माणसाला विचारलं, "तुला कुणी काही बोललं का?"

"बोलला की एक जण. तू ऐकलंस. हसले समदे."

"मंग?"

"मंग काय. भाषण केलं."

आई त्यांच्याकडे बघत राहिल्या. हे त्यांना पटत नव्हतं, आणि पटवून घ्यावंसंही वाटत होतं. मग त्या बाहीकडे बघून त्यांनी जरा तिखट आवाजात विचारलं, "कुणी शिवला हा?"

कोण आपल्याकडे येतं ते सर आपल्या बायकोलाही सांगत नसत. इथं तर सांगणं शक्यच नव्हतं. भोवती गावातली आठ-दहा माणसं होती. आई वाट बघत होत्या. मला वाटलं, आता सर म्हणतील, दुकानातून घेतला.

"मी शिवला, मावशी."

अनुसयाबाई पुढे आल्या होत्या. पदर दातात धरलेला. गावातल्या सगळ्या बायांना ठाऊक होतं की ह्या बाईनं नवरीचा ब्लाउज उसवला होता. त्या सगळ्यांसमोर ती सांगत होती की ही दोन बोटं लांब बाही माझ्या हातची आहे.

आईंनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग बाही जवळ घेऊन, डोळे बारीक करून, मनगटाची पट्टी उलटी करून पाहिली, बटणाच्या काजावरून अंगठा फिरवला. निखाऱ्यांनी भरलेला तांब्या फिरवून ज्यांनी एक सदरा वर्षानुवर्षं जपला, त्यांना कापड बघायला घाई नव्हती.

"काज लई चांगले केलेत," आई म्हणाल्या, आणि बाही सोडून दिली.

अनुसयाबाई रडल्या आणि रडता रडता सरांना म्हणाल्या, "जराशी जास्तच लांब झाली, सर. एक बोट पुरं होतं. आणा, उसवून देते." सर मोठ्यानं हसले. त्यांना असं हसताना मी त्याआधी ऐकलं नव्हतं. "मशीनला हात लावायचा तर दुसऱ्याच्या कापडाला लावा," ते म्हणाले, "हा आता माझा हाय."

त्यांनी तो शर्ट पुढे विरेपर्यंत घातला. बाकीच्या शर्टांची इस्त्री काही सुटली नाही, हेही सांगितलं पाहिजे. इतक्या वर्षांचं ओझं एका कार्यक्रमात उतरत नसतं, आणि सरांनीही ते उतरल्याचं सोंग कधी केलं नाही. उलट पेशंटनं विचारलंच तर सांगत, मलाही हाय हे, मी पण औषध घेऊन राह्यलो. अनुसयाबाईंचं मशीन चालू राहिलं. मधे दोन-तीनदा गोधडी पडली आणि निघाली. हे लिहायच्या आधी मी त्यांना विचारलं. म्हणाल्या, "लिहा ना ताई, माझं नाव टाकून लिहा. फक्त ब्लाउज चांगले शिवते हे पण लिहा." तर, त्या ब्लाउज फार चांगले शिवतात.

पुढे सरांच्या आई गेल्या. त्यानंतर वर्षभरानं सरांच्या हाताला कंप सुटला. आधी चहाचा कप, मग पेन, मग पाय. डॉक्टरांनी दुखण्याचं नाव सांगितलं आणि हेही सांगितलं की हे थांबणारं नाही, सावकाश वाढेल. सर काही दिवस येत राहिले. मग एका संध्याकाळी त्यांनी मला किल्ली दिली आणि खोल्या सोडायला सांगितलं. मी माठ घरी आणला. बाक खालच्या औषधवाल्यानं ठेवून घेतला.

शेवटचं भेटले ते मागच्या दिवाळीनंतर, त्यांच्या घरी. त्यांची सून दार उघडून हळूच म्हणाली, "बटणं लावायला कुणाला हात लावू देत न्हाईत, तुम्ही काही बोलू नका." सर खुर्चीत बसले होते. शर्ट पांढराच, पण बटणं लहान पोराच्या कपड्याला असतात तशी मोठी. अनुसयाबाईंनी मुद्दाम तसे शर्ट शिवून पाठवले होते, बोटांना पकडता यावीत म्हणून. इस्त्री नव्हती. आणि एक बटण चुकलं होतं. सगळी एकेक काज खाली सरकली होती, आणि गळ्यापाशी एक टोक रिकामं वर आलेलं. माझा हात आपोआप पुढे गेला. सरांनी पाहिलं. मी हात मागे घेऊन मांडीवर ठेवला.

"सकाळपासून लावून राह्यलो," ते म्हणाले. बोलणं जड झालं होतं, पण समाधान कळत होतं.

मी जुन्या पेशंटांची खुशाली सांगितली, जेवढी मला रस्त्यात भेटून कळते तेवढी. बदनापूरचे गुरुजी निवृत्त झाले, हे ऐकून त्यांनी डावा हात वर करून हवेत अक्षरं काढली. हात थरथरत होता, अक्षरं वाकडीच आली असणार. आम्ही दोघंही हसलो. मग मला रडू यायला लागलं म्हणून मी उठले.

नको म्हणत असताना ते भिंतीला धरून दारापर्यंत आले. पायरीवर माझ्या चपला पडल्या होत्या, एक सुलटी, एक उलटी. सरांचा पाय सवयीनं पुढे झाला. उलटी चप्पल सुलटी करायला गेले आणि पाय असा हलला की ती पायरीवरून खाली अंगणात जाऊन पडली, पहिल्यापेक्षा वाईट. सून मागून धावली. सरांनी तिला हातानं थांबवलं. त्या चपलेकडे बघत राहिले, मग माझ्याकडे पाहिलं.

"पास का, निर्मलाताई?"

"पास, सर."

मी एका पायात चप्पल घालून, लंगडत अंगणात उतरले आणि दुसरी घातली. फाटकाशी वळून पाहिलं तर सर दारातच उभे होते, बटण चुकलेल्या शर्टात, हात वर केलेला. हात हलत होता. निरोपाचा की दुखण्याचा, ते इतक्या लांबून कळत नव्हतं. मी निरोपाचा धरला आणि माझाही हात हलवला.